बाबा जिवंत असताना माझी मिशी गेली

आमच्या गढ्यात, म्हणजे हिंदी मुलखातल्या आमच्या जुन्या वस्तीत, बाप हयात असलेला माणूस मिशी काढत नाही. नुसत्या डोक्याचा गोटा केला तर लोक म्हणतात, तिरुपतीला जाऊन आला असेल. पण डोकं आणि मिशी दोन्ही साफ दिसली की लोक पांढरे कपडे शोधायला लागतात. कंपनीत जाणारी नवी पोरं रोज तुळतुळीत होऊन फिरतात, त्यांना कोणी हटकत नाही. माझ्यासारख्या पन्नाशीतल्या बँकवाल्याने हे केलं तर त्याचा अर्थ एकच.

हे मला ठाऊक होतं, आणि आमच्या न्हाव्याला माझ्याहून जास्त. तरी गेली.

बाबांचा आणि या न्हाव्याचा दोस्ताना माझ्या शाळेपासूनचा. आई गेल्यावर तर बाबांची सकाळ त्याच्याच दुकानात जायची. बाकावर बसायचं, पेपर मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक बातमीवर दोघांनी भांडायचं. त्या रविवारी बाबा तापाने घरी पडले होते, म्हणून बाकावर भलताच कोणी बसला होता आणि न्हावी त्याच्याशी क्रिकेटवरून वाद घालत होता. वाद रंगला, मशीनला लावलेली प्लास्टिकची कंगवी निसटली, आणि माझ्या कपाळापासून टाळूपर्यंत एक स्वच्छ रस्ता तयार झाला.

“भैया,” तो हळूच म्हणाला, “अब तो पूरा ही लेना पड़ेगा।”

पूर्ण घेतलं. मग त्या डोक्याखाली मिशी फार जड दिसते असं त्याला वाटलं. डावीकडून थोडी कमी केली, मग उजवीकडून, मग पुन्हा डावीकडून. माझा चष्मा त्याच्या फळीवर होता, मला काय कळणार? चष्मा लावला तेव्हा आरशात एक सुतकी इसम बसला होता. न्हाव्याला तेव्हा कुठे उमगलं. कपाळावर हात मारून म्हणाला, “भाऊसाहब को मत दिखाना!”

भाऊसाहब म्हणजे बाबा. त्यांना टाळणं सोपं होतं, तापामुळे वरची खोली सोडून ते खाली आतल्या खोलीत झोपले होते. गल्लीला टाळणं जमलं नाही. स्कूटरवरून येताना भाजीवालीने हात जोडले तेव्हाच मी समजायला हवं होतं. शिवाय बाबा बरेच दिवस बाहेर दिसले नव्हते. संध्याकाळी समोरच्या घरातले वकीलसाहेब बायकोला घेऊन आले, दिवाणावर बसले आणि माझा हात धरून म्हणाले, “हिम्मत रखो। उम्र भी हो गई थी।”

“अहो, नाही, तसं काही—”

“ज्यादा भोगना नहीं पड़ा, ये अच्छा हुआ,” त्यांची बायको म्हणाली. मग वकीलसाहेबांनी छताकडे पाहिलं. “ऊपर वाला कमरा अब खाली रहेगा। हमारा भांजा ढूँढ रहा है।”

तेवढ्यात आतलं दार उघडलं. शाल गुंडाळलेले बाबा हातात पेला घेऊन उभे. “काढा थंड झाला,” ते म्हणाले, “कोणी गरम करून देईल का?” वकिलीणबाईंनी अशी किंकाळी फोडली की शेजारची कुत्री भुंकायला लागली. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काहून रे?” ते म्हणाले. “मी मेलो का?”

ताप उतरल्या उतरल्या बाबांनी जाहीर केलं की त्या दुकानाची पायरी चढणार नाही. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं, पण चौकात उभं राहून त्यांनी सांगितलं की न्हाव्याचा हात थरथरतो. न्हाव्याला याहून मोठी शिवी नाही. माफी मागायला निघालेला तो माणूस अर्ध्या वाटेवरून परत गेला म्हणे. मग दोघांचे निरोप माझ्यामार्फत सुरू झाले. मी दुकानावरून गेलो की तो ओरडायचा, “आ रहे हैं ना बाल?” घरी आलो की बाबा माझं डोकं उजेडात वळवून बघत आणि म्हणत, “पाहा, काय करून ठेवलं.” माझं डोकं म्हणजे दोघांचा पंचनामा झाला होता.

बाबांनी दुसऱ्याकडे केस कापायचं मात्र नाव काढलं नाही. एकदा मी त्यांना एसी सलूनमध्ये नेलं. तिथल्या मुलीने डोकं धुवायला मागे टेकायला सांगितलं तर उठून चालू पडले. केस कॉलरवर आले. मागून पाहिलं तर कोणी तबलजी वाटायचे. हसू यायचं, पण भीतीही वाटायची. पेपर ते आता मनात वाचत, आणि वाचून झाला की तसेच बसून राहत. दिवसभरात पाच-दहा शब्द. आई गेली तेव्हासुद्धा ते इतके गप्प झाले नव्हते.

माझी मिशी पूर्ववत आली. मी म्हटलं, “बाबा, आता तर झालं ना? जा की दुकानात.”

“मिशीचं नाही रे,” ते म्हणाले. पेपरची घडी घातली. “त्या दिवशी मी आतून सगळं ऐकून राहिलो होतो. दोन वाक्यात संपलो मी. मग लगेच वरची खोली.”

हा काही निरोप नव्हता, तरी मी दुकानात जाऊन सांगितला. न्हावी एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. त्याने ऐकून घेतलं, सामानाची पेटी उचलली आणि सरळ आमच्या घराकडे चालायला लागला. मागे मी, आणि माझ्यामागे गळ्यात कापड आणि अर्ध्या गालाला फेस असलेलं ते गिऱ्हाईक, “अरे मेरा आधा तो कर दो!” म्हणत.

बाबा व्हरांड्यात होते. “क्यों आये हो? अभी जिंदा हूँ मैं।”

“जिंदा हो तभी तो आया। बैठो सीधे,” न्हावी म्हणाला आणि त्याने फडकं झटकून त्यांच्या गळ्यात बांधलं.

“हाथ थरथरता है तुम्हारा।”

“हाँ, थरथराता है।”

बाबांना ही कबुली अपेक्षित नव्हती. ते सरळ बसले आणि कात्री सुरू झाली. केसांचे पांढरे पुंजके खाली पडत राहिले. मग बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “मेरा सचमुच हो जाये, तो इसका सिर तुम ही करना।”

“और हम पहले चले गये तो?”

“तो मैं आऊँगा, तुम्हारे घर,” बाबा म्हणाले. “दो बात करके उठने वाला नहीं। दिन भर बैठूँगा।”

कात्री थांबली. “सिर नीचे करो, भाऊसाहब,” न्हावी म्हणाला, पण पुढे कितीतरी वेळ त्याला केस कापता आले नाहीत.