गल्फमधला पाऊस

नोकरीतली कितीतरी कलमे आता विसरलो, पण कळंबचे ते प्रकरण अजून विसरलेलो नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वसई भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो; कळंब हे गाव आमच्याच हद्दीत. सकाळची हजेरी चालू असताना एक माणूस धापा टाकत आत आला. त्याचा थोरला भाऊ परदेशातून सुट्टीवर आला होता आणि आता रुग्णालयात बेशुद्ध पडला होता. झटके येत होते, डोळे पिवळे, लघवी काळी.

"वहिनीनं कालवनातून कायतरी घातलं," तो म्हणाला. "गावात कोनालाबी विचारा."

गावात विचारायची गरजच नव्हती. नवरा परदेशात आणि बायको एकटी, एवढ्यावर गाव वाटेल ते रचते.

पाठोपाठ रुग्णालयातूनही खबर आली. विषबाधेचा संशय, रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत नाही. आम्ही पंचनामा केला, स्वयंपाकघरातली भांडी सील करून रासायनिक तपासणीला पाठवली. त्याचा अहवाल यायला महिने जात. माणूस तेवढा थांबणार नव्हता, आणि तो गेला की बाईवर खुनाचे ३०२ कलम लागणार होते.

बाईला ठाण्यात आणले. महिला पोलीस नव्हती, म्हणून गावातल्याच एका म्हातारीला तिच्या शेजारी बसवले.  माझा एक अनुभव आहे. गुन्हा केलेला माणूस 'माझं काय होणार' हे विचारल्याशिवाय राहत नाही. ही एकच विचारत होती, "साहेब, त्यांचा श्वास चालू हाय ना?"

ते ऐकून मीच घाबरलो. ही खरे बोलत असेल, तर तिकडे तो माणूस भलत्याच कशाने मरत होता आणि आम्ही इथे भांड्यांना लाख लावत बसलो होतो.

"दुखणं कसं सुरू झालं?" मी विचारले.

"आले नि थोड्याच दिसात हुडहुडी भरायला लागली, मग ताप. मी बोलले, गल्फच्या उन्हानं झालं असंल. तर हसले. बोलले, तिकडं ऊन कुटलं, सारखा पाऊस. कपडे बी सुकत नाय."

पासपोर्टच्या चौकशा करून करून गल्फ म्हणजे वाळवंट, एवढे मला ठाऊक होते. "हे कुठलं गल्फ?"

ती गोंधळली. "भायेर गेला की गल्फच ना साहेब? आमच्यात सगले तसंच बोलतात."

दिराला बोलावले. दरडावल्यावर तो पुटपुटला, "आफ्रिका. जंगलात लाकडं भरायचं काम. पन आफ्रिका बोललं की लोक हसतात साहेब, गल्फ बोललं की मान देतात." डॉक्टरांनाही त्याने गल्फच सांगितले होते.

जीप काढली. चोरामागेही कधी इतकी दामटली नसेल. आफ्रिका आणि जंगल हे शब्द ऐकल्यावर डॉक्टरांनी माझे पुढचे वाक्य पुरे होऊ दिले नाही. रुग्णाच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि ते सूक्ष्मदर्शकावर वाकले. मी शेजारी देवाचे नाव घेत उभा होतो.

"विष नाही," ते म्हणाले.  "मलेरिया आहे, मेंदूत चढलाय. इथे आणला तेव्हा ताप उतरलेला, त्यात गल्फ म्हणाले. मी विषाच्याच मागे लागलो."

क्विनाइनची सलाईन लावली. वाचेल का, असे विचारल्यावर त्यांनी नुसते वर बोट केले.

तो वाचला. आजारी माणूस कुठून आला हे आधी विचारावे, आणि पहिले उत्तर खरे धरू नये, हा धडा डॉक्टरांनी घेतला तसा मीही घेतला. पण खरा धडा पुढे होता.

तो शुद्धीवर आल्यावर मी त्याचा जबाब घ्यायला गेलो. भाऊ उशाशी बसला होता. बायकोने पेजेची वाटी आणली. नवऱ्याने वाटीकडे पाहिले, मग भावाकडे. क्षणभरच, पण बाईला ते दिसले. कोणी काही बोलायच्या आत तिने पहिला चमचा स्वतःच्या तोंडात घातला, गिळला, आणि मग दुसरा त्याच्या ओठांशी नेला.

घरात शिरलेला संशय पोलिसांच्या तपासाने बाहेर जात नाही, हे मी त्या वाटीपाशी शिकलो.