वर्गणी न मागितलेली वाडी

रतनबाई वर्गणीला निघाली की औंढ्यातल्या बायका आधी चहाचं आधण ठेवत. पैसे घेतल्याशिवाय ती उठायची नाही, आणि ती उठेपर्यंत तिला काहीतरी प्यायला द्यायलाच हवं.

मुळात हे काम तिच्या नवऱ्याचं, गेणूचं. पण गेणू भिडस्त. कुणी ‘उद्या देतो’ म्हटलं की ‘बरं’ म्हणून परत यायचा. एका गणपतीला मांडववाल्याचे पैसे द्यायची पंचाईत झाली, तेव्हा रतनबाई पदर खोचून निघाली आणि पुढे गावाच्या प्रत्येक कार्याची वर्गणी तिच्याच गळ्यात पडली. ती ओरडत नसे, भांडत नसे. दारात बसायची, म्हशीचं कौतुक करायची, सुनेच्या हाताला चव आहे म्हणायची. गावातला माऊली म्हणजे महाचिकट गृहस्थ. एकदा तिनं त्याच्या ओट्यावर बसून त्याच्याच भुईमुगाच्या शेंगा सोलायला घेतल्या. सूप भरलं, तेव्हा कुठे त्याचा हात खिशात गेला.

गेणू गेला आणि घर रिकामं झालं. दोन्ही मुलं वराळ्याला फ्लॅट घेऊन राहिली होती. तिनं तिथं आठ दिवस काढले आणि परत आली. “तितं समदी दारं लावून बसत्यात,” ती शेजारच्या नंदाबाईला म्हणाली, “कुनाच्या दारात बसायचं मी?” वलवणच्या बंगल्यांवर स्वयंपाकाला जायची, तेही गुडघ्यांपायी सुटलं. सकाळ कशीतरी जाई, दुपार मात्र अंगावर येई.

अशात गावात विरंगुळा केंद्र आलं. शाळा नव्या इमारतीत गेली होती. जुन्या दोन खोल्या एका सामाजिक संस्थेनं दुरुस्त करून दिल्या. नवे पत्रे, रंग, कॅरम, टीव्ही, पुस्तकांचं कपाट, शिलाई मशीन. चालवायचा निम्मा खर्च संस्थेचा, निम्मा गावाचा. अट एकच होती. केंद्र औंढ्याचं आणि वरच्या ठाकरवाडीचं, दोघांचं सामाईक.

गावाचा वाटा उंबऱ्यामागे काढायचं ठरलं. सभेत कुणीतरी विचारलं, “आन् वाडीचं काय?”

“त्यांच्याकडनं काय घ्यायचं?” रतनबाई म्हणाली. “हातावरचं पोट त्यांचं. त्यांनी नुसतं यावं, बसावं.”

सगळ्यांना ते पटलं. आपण फार मोठ्या मनाची माणसं आहोत, असं वाटून सभा खुशीत उठली.

केंद्र चांगलं चाललं. म्हातारे कॅरमवर लहान पोरांसारखे भांडत. दुपारी बायका मशीनवर झबली शिवत आणि आख्ख्या गावाची उणीदुणी काढत. रतनबाई दार उघडायची, झाडलोट करायची, माठ भरायची. तिच्या दुपारी आता तिला पुरत नव्हत्या.

वाडीचं माणूस मात्र आत आलं नाही. बाया नावाची ठाकरीण डोक्यावरची मोळी उतरवून पायरीवर टेके, पाणी पिई.

“आत ये की गं, पंखा हाय.”

“येते कवातरी, मावशी.” आणि मोळी उचलून चढणीला लागे.

तिसरं वर्ष सरत आलं, तेव्हा संस्थेची पायल आली. पुण्याची पोरगी, गोड बोलणारी, पण त्या दिवशी तिचा चेहरा उतरला होता. “मावशी, केंद्र तुम्ही छान ठेवलंय. पण पैसे देणारे विचारतात, वाडीची माणसं कुठायत? दोन्ही वस्त्या येत नसतील, तर पुढच्या वर्षीचा निधी दुसऱ्या गावाला जाईल. मी थांबवू शकणार नाही.”

सरपंच संदेशनं लगेच तोड काढली. “त्यात काय! एक दिवस समद्यांना जेवायला बोलवू. पंगतीचे फोटो काढू आन् देऊ धाडून.”

“फोटो जेवनाचं निघतील,” रतनबाई फटकारून म्हणाली, “केंद्राचं न्हाईत.”

तोंडानं ती ताठ होती, पण हिशेब तिला कळत होता. संस्थेचा हात सुटला तर गावाच्या एकट्या वर्गणीवर खोल्या चालणार नव्हत्या. पुन्हा कुलूप, पुन्हा ती लांबच लांब दुपार. दुसऱ्या दिवशी गुडघ्याला तेल चोळून ती वाडीची चढण चढली. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून पोरांसाठी लाडू घेतले.

वाडीतला जाणता म्हातारा कान्हू अंगणात बसून कुडाच्या भिंतीची एक बाजू नीट करत होता. बाया त्याची सून. तिनं घोंगडी टाकली, पाणी दिलं. रतनबाईनं लाडू पुढे केले आणि केंद्राचं गुणगान सुरू केलं. टीव्ही किती मोठा, पुस्तकं किती रंगीत.

“आन् तुमाला एक पैसा पडत न्हाई, कान्हूभाऊ. समदं फुकट.”

कान्हूनं बांबूच्या कामट्या बांधता बांधता मान हलवली. “ते म्हाईत हाये.”

“मग येत का न्हाई?”

कान्हूनं पुढची कामटी उचलली. बोलली बाया. “मावशी, त्या चिकट माऊलीच्या ओट्यावर तुमी शेंगा सोलत बसलावता, व्हय ना?”

रतनबाईला हसू आलं. “तुला कुनी सांगितलं?”

“समद्यांना ठावं हाय. तुमी कुनालाच सोडत न्हाई. आमच्या दारात कवा बसला?”

रतनबाईचं हसू ओसरलं.

“ज्या कामाला आमची वर्गनी न्हाई, तितं आमी पाव्हनं,” कान्हू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “पाव्हना येकदा येतो, च्या पितो, जातो. रोज कसा यील?”

 जन्मभर रतनबाईनं दारोदार जाऊन मागितलं होतं. न मागण्यानं कुणाला लागतं, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. वाडीला वगळलं होतं तिनंच, आणि वर त्याला माया म्हणत होती.

मग तिनं घोंगडीवर नीट मांडी घातली आणि पदर खोचला.

“कान्हूभाऊ, केंद्राची वर्गनी द्या. घेतल्याबिगर उठायची न्हाई मी.”

बाया फिसकन हसली. कान्हूनं हातातली कामटी खाली ठेवली. “गावात काय घेता?”

रतनबाईनं आकडा सांगितला. ‘तुम्ही निम्मेच द्या’ अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं.

“लय हाये,” कान्हू म्हणाला.

“माऊलीबी असंच म्हनतो.”

आता मात्र कान्हूही हसला. त्या दिवशी ती वाडीतल्या प्रत्येक दारात बसली. कुणी रोख दिले, कुणी तांदूळ मोजले. मंगल नावाची तरणी बाई म्हणाली, करवंदं विकली की देईन. “मग तवर रोज येऊन बसते,” रतनबाईनं दम भरला. परतताना तिच्या गुडघ्यांनी शिव्या घातल्या, पण चेहरा उजळला होता.

दोन दिवसांनी वाडीतली पंधरावीस माणसं खाली आली. ती खेळायला आली नव्हती, तक्रार घेऊन आली होती. पायलची नेमकी त्याच दिवशी केंद्रात सभा होती. कान्हू सरळ पुढे जाऊन बसला.

“आमी कामावरनं येतो तवा हितं कुलूप. शनवार-रयवार आमी पॉइंटवर फिराया येनाऱ्यांना कनसं भाजून इकतो, तवा तुमचा भोंडला न् भजन. मग आमच्या वर्गनीचा उपेग काय?”

“घ्या!” मागून माऊली ओरडला. “परवा पैसं दिलं, आन् आज हिशेब मागाया आलं!”

“तू तर त्येच्यापरास उशिरा देतोस, आन् पयला वरडतोस,” रतनबाईनं त्याला गप्प केलं. “बोला कान्हूभाऊ.”

संदेश घाबरून पायलकडे बघत होता. पाहुणीसमोर भांडण म्हणजे निधी गेलाच, असं त्याला वाटलं. पायल मात्र पेन खाली ठेवून, हनुवटीला हात लावून ऐकत होती. संध्याकाळी केंद्र किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, यावर जुंपली. वीजबिल निघालं, डास निघाले, कुणाच्या तरी आजोबांचं जुनं भांडणसुद्धा निघालं. शेवटी ठरलं, दुपार गावाची, संध्याकाळ वाडीची, आणि मधे ज्याला यायचं त्यानं यावं. संध्याकाळी दार उघडायचं काम मंगलकडे.

“मावशी,” पायल हळूच रतनबाईच्या कानाशी म्हणाली, “निधी राहतोय. दोन्ही वस्त्या आल्यात, हे मी आजच कळवते.”

“थांब गं जरा,” रतनबाई म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं. टीव्हीचा रिमोट कुणाकडे राहणार, यावर बाया आणि नंदाबाई हमरीतुमरीवर आल्या होत्या, आणि त्यात रतनबाईला बरंच काही बोलायचं होतं.