कुंपणातली होळी

मी नेमकं काय काम करतो हे आमच्या घरात कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि त्यात मीही आलो. सरकारी कार्बन प्रकल्पाचा तालुका समन्वयक, असं गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलेलं आहे. सोलापुरात आमच्या गल्लीत कुणी विचारलं की बायको सांगते, "झाडं लावतात." पोरं सांगतात, "फोटो काढतात." पोरांचं जास्त खरं आहे.

थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या वस्तीवर मी पहिली बैठक घेतली तेव्हा तासभर घसा कोरडा केला होता. लांब कुठंतरी एखादा कारखाना धूर सोडतो, आपण इथल्या गायरानात झाडं वाढवायची, झाडं हवेतला धूर ओढून घेणार, आणि त्याबदल्यात कारखाना गावाला मोबदला देणार. आक्काच्या सासऱ्यांनी, आबांनी, सगळं ऐकून घेतलं, पटका सारखा केला आणि म्हणाले, "म्हंजी धूर त्येंनी करायचा आन उपास आमी धरायचा. बरं हाय की!"

सगळी वस्ती हसली. मीही हसलो. पाव्हण्यांत नोकरी करायची म्हणजे हसावंच लागतं.

वस्ती सांगोल्याच्या पलीकडं, उघड्या माळाच्या कडेला. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. माझा बापही राखायचा, मी शिकलो म्हणून सुटलो आणि मोटारसायकलवर त्याच माळावर परत आलो. गेल्या उन्हाळ्यात गायरानाला तारेचं कुंपण झालं, फाटकाला कुलूप लागलं आणि मेंढरांना आत जायची बंदी झाली. लिंब, चिंच, करंज अशी रोपं लावली. पाऊस बरा झाला. पण रोपांपेक्षा जोर धरला तो गवतानं. इतकी वर्षं त्याला खाणारी तोंडं होती, ती बाहेर गेली होती. दिवाळीपर्यंत गवत माझ्या छातीला लागलं. रोप शोधायचं तर दोन्ही हातांनी गवत बाजूला करत जावं लागायचं, आणि सापडलंच तर ते बहुधा वाळलेलं असायचं. वरून मात्र सगळं हिरवंगार. साहेबांचा फोन आला होता, "तुमचा ब्लॉक काय सुंदर दिसतोय हो सॅटेलाइटवर!" मी "थँक्यू सर" म्हणालो आणि विजारीतली कुसळं उपटत बसलो.

माघात ते गवत वाळलं. मी माळावर वाढलोय, पण एवढं वाळलेलं गवत एका जागी उभं असलेलं मी कधी बघितलं नव्हतं. वारा नसला तरी ते हलायचं. वारा सुटला की चाळणीत जोंधळे चाळल्यासारखा आवाज यायचा, फक्त चाळणाऱ्याचा हात कधी दमायचा नाही. आक्का म्हणाली, "झोपंत बी ऐकू येतंय रं. कुनीतरी घराभवती फिरतंय असं वाटतं."

तिचं घर कुंपणाला अगदी लागून. मधी बैलगाडी जाईल एवढीच जागा. आणि त्या बाजूच्या खोलीत माझी भाची बाळंतीण. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. खोलीला एकच बुटकी खिडकी, जमिनीलगत, ती कुंपणाकडं. मी बाळाला बघायला म्हणून आत गेलो, बाळाच्या हातावर रीतीप्रमाणं काहीतरी ठेवलं, सहज खिडकीतून बाहेर पाहिलं आणि पिवळ्या गवताशिवाय काहीच दिसलं नाही. आकाशसुद्धा नाही. बाजेखाली शेकाची शेगडी होती. ओव्याच्या धुरीनं माझे डोळे चुरचुरले. भाची म्हणाली, "मामा, रडताय व्हय?"

"धुराचा साहेब हाय गं मी," म्हणालो, "धूर लागला की कर्तव्य आठवतं."

त्या दिवसापासून माझी नजरच बदलली. रस्त्याकडेला कुणी बिडी पेटवली की मी गाडी थांबवून तो माणूस थोटूक कसं विझवतो ते बघत बसायचो. एकानं तर मला बिडी देऊ केली. त्याला वाटलं, बिचारा मागायला लाजतोय.

निघताना आक्का सहज म्हणाली, "शिमग्याला फाटक उगडशील न्हवं?"

"शिमग्याला कशाला?"

आक्का माझ्याकडं बघतच राहिली. मग हसली. "येड्या, होळी कुटं पेटवायची मग? तुझ्या डोक्यावर?"

वस्तीची होळी गायरानात, मधल्या उंचवट्यावरच्या दगडापाशी पेटते, पिढ्यान्‌पिढ्या. मी तिच्याकडं जायचो ते भाऊबीजेला. शिमग्याला कधी गेलोच नव्हतो. कुंपणाची आखणी करताना तो दगड मला दिसला होता. आखणीवाल्या पोरांनी त्यावर बसून डबा खाल्ला होता. वस्तीतल्या कुणी सांगितलं नाही, कारण होळीची जागा कुठं आहे हे सांगायची गोष्ट आहे असं कुणाला वाटलंच नाही. सूर्य कुठं उगवतो हे कोण सांगतं?

आबांना गाठलं. ते लोकर कातरायची कात्री दगडावर घासत होते. म्हणालो, "आबा, औंदा होळी कुंपणाच्या बाहेर घेऊ. मेंढरांच्या वाड्यापाशी मोकळं हाय."

कात्री थांबली. "पाव्हणं, घर हलवायचं म्हणा, हलवतो. होळी न्हाय हलत."

दाजी मध्ये पडले, "आबा, मग चार दिस मेंढरं सोडू या की आत. खात्याल."

"आत्ता? पार कुसळ झालंय त्याचं. डोळ्यात शिरलं तर मेंढरू आंधळं हुतंय. सरावणात कवळं हुतं तवा ह्ये कुलूप लावून बसलं हुतं," आबांनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. पण मग स्वतःच म्हणाले, "तवा आमीबी काय बोललो न्हाय म्हना."

मी बाहेर येऊन साहेबांना फोन लावला. पट्टा कापतो म्हणालो, घरांच्या कडेनं आणि होळीभोवती.

"अजिबात नाही," साहेब म्हणाले. "शिमग्यानंतर तपासणीचं पथक येतंय. ड्रोन उडवणार आहेत. कापलेला पट्टा लगेच दिसतो. लोकांशी समन्वय साधा."

समन्वय साधा म्हणजे नेमकं काय करा, हे साहेबांनी आजवर कधी सांगितलेलं नाही. मी विचारायचंही सोडून दिलंय.

मग मी आक्काकडं दुसरा विषय काढला. भाचीला आणि बाळाला शिमग्यापुरतं सोलापूरला आमच्या घरी नेतो. जीप करतो. माझी बायको सगळं करील.

"सव्वा म्हैना झालाय का तिला?"

"नाही, पण—"

"मग उंबरा कसा वलांडंल? वारं लागलं म्हंजी? बाळाचं काय झालं म्हंजी तू येणार हाईस का तिच्या सासरी सांगायला?" आक्काचा आवाज चढला. मग उतरला. "मलाबी भ्या वाटतंय रं. पण असं न्हाय न्हेता येत बाळंतिणीला."

मी जीपचा विषय सोडला. तिच्या जागी आमची आई असती तर तीही हेच म्हणाली असती.

शेवटी साहेबांचं न ऐकता आम्ही गवत कापलं. शिमग्याच्या आदल्या दिवशी वस्तीतल्या बायका इळे घेऊन आल्या. मीही एक इळा घेतला. पहिल्याच पेंढीला कंबर धरली. एक म्हातारी म्हणाली, "साहेब, तुमी आपलं फोटू काढा. गवताला लाज वाटतीया." तरी मी वाकत-उठत कापत राहिलो. घरांच्या कडेनं पट्टा झाला, होळीच्या दगडाभोवती मोठं रिंगण झालं. कापलेलं गवत लांब ओढ्यात नेऊन टाकलं. फाटकापासून दगडापर्यंतची पायवाट होतीच, गोवऱ्या नेऊन नेऊन तुडवून सपाट झालेली. तिच्या दोन्ही अंगाला गवत उभं होतं. ते कापावं असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला होळी पेटली. सगळी वस्ती बोंबलत होती आणि मी पाण्यानं भरलेली घागर धरून उभा होतो, सासुरवाशिणीसारखा. एकेक ठिणगी वर जायची, मी मान वर करून ती विझेपर्यंत तिच्याकडं बघायचो. पण वारा पडलेला होता. जाळ सरळ वर गेला. नारळ पडला, पोळ्यांचा निवद झाला, माणसं पांगली. आबा जाताना म्हणाले, "बघा, काय झालं का?" मी होळीची पार राख होईपर्यंत तिथं बसलो. वरून हात फिरवून बघितला. राख कोमट होती. मग घरी येऊन पुरणपोळी खाल्ली, इतकी की आक्काला परत पीठ मळावं लागलं.

सकाळी जाग आली ती त्या आवाजानं. चाळणीचा आवाज. वारा सुटला होता.

अंगणात आलो तर आक्का नव्हती. दाजींना विचारलं. ते मिश्री लावत होते. "गेल्यात समद्या इस्तू आणाया. होळीच्या इस्तवावर पाणी तापवून बाळाला अंगूळ घालायची हाय न्हवं आज. वर्सभर दुखणं येत न्हाय."

हे मला ठाऊक होतं. आमच्या आईनं आम्हालाही धुळवडीला त्याच पाण्यानं अंघोळी घातल्यात. माणसाला ठाऊक असतं आणि तरी सुचत नाही, ते असं. मी अनवाणीच फाटकाकडं पळालो. पळालो म्हणजे माझ्या पोटासकट जेवढं पळता येतं तेवढं.

बायका पायवाटेनं परत येत होत्या. कुणाच्या हातात घमेलं, कुणाच्या हातात फुटकं मडकं. राखेच्या पोटात निखारे लालबुंद राहिले होते. सगळ्यांत मागं आक्का. नातीसाठी नेत होती म्हणून तिनं घमेलं काठोकाठ भरलं होतं, आणि वाऱ्यानं ठिणग्या उडू नयेत म्हणून पदर आडवा धरला होता.

"आक्का, खाली ठेव!" मी ओरडलो.

"काय?"

"घमेलं खाली ठेव!"

तिनं बिचारीनं माझं ऐकलं. वाकली. पदर बाजूला झाला आणि तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक घमेल्यातून ठिणग्या घेऊन सरळ गवतात गेली.

आधी जाळ दिसलाच नाही. नुसता कडकड आवाज. मग पायवाटेच्या पलीकडचं गवत आपोआप वाकायला लागलं. मी आक्काचा दंड धरून तिला फाटकाबाहेर ओढलं. ती मागं बघत एकच म्हणत होती, "पोरगी आत हाय. पोरगी आत हाय."

वारा घरांकडून माळाकडं होता, म्हणून जाळ आमच्यापासून लांब पळाला. पण मागंही सरकत होता, घरांच्या दिशेनं, सावकाश. दाजी आणि गडीमाणसं ओली पोती, लिंबाच्या फांद्या घेऊन धावली. मीही एक फांदी घेतली आणि मारत राहिलो. धुरानं कुणाचं तोंड ओळखू येत नव्हतं. मधेच वारा फिरला. जरासाच. धूर सगळा वस्तीवर आला आणि आक्काचं घर दिसेनासं झालं.

आक्का घराकडं पळाली. मी तिच्या मागं. खोलीत बाज होती, शेगडी होती, खिडकी उघडी होती. भाची नव्हती. बाळ नव्हतं.

आक्कानं त्या रिकाम्या बाजेवर हात फिरवला. दोनदा.

भाची आम्हाला वाड्यात सापडली. घरामागं मेंढरं बसतात ती जागा. खुरांनी तुडवून तुडवून तिथं गवताची काडी उरत नाही, नुसत्या लेंड्या आणि माती. मेंढरं भिऊन एकमेकांत डोकी खुपसून उभी होती आणि त्यांच्या मधोमध ही बसलेली, डोकीचा रुमाल सुटलेला, बाळ पोटाशी. कुणी सांगायची वाट तिनं पाहिली नव्हती. उंबरा ओलांडून आली होती.

आक्का तिच्यापुढं बसली. मला वाटलं, बोलणार. तिनं फक्त बाळाच्या नाकाजवळ बोट धरलं आणि श्वास येतो का बघितला.

दुपारपर्यंत अलीकडचा जाळ आम्ही झोडपून विझवला. पलीकडचा माळ, दगडाच्या पुढचा सगळा, काळा झाला. जाळ टेकाड ओलांडून गेला तो पुढं खडकावर जाऊन मेला. रोपं गेली. घरं वाचली. पण आम्ही जिथं जाळ अडवला तिथून कापलेल्या पट्ट्यापर्यंतचं गवत तसंच उभं राहिलं, पिवळं, घरांच्या बाजूचं.

मी इळा घेऊन आत शिरणार तेवढ्यात साहेबांचा फोन आला. त्यांनी सॅटेलाइटवर पाहिलं होतं. "जळालेल्या भागाची चौकशी लागेल," म्हणाले. "उरलेल्याला आता कुणी हात लावायचा नाही. पथक येईपर्यंत फाटकाला कुलूप. तुम्ही संध्याकाळपर्यंत ऑफिसला या."

मी त्यांना खिडकीचं सांगितलं, बाळाचं सांगितलं. ते म्हणाले, "समजू शकतो मी."

भाची वाड्यातून उठेना. खोलीत परत जायचं नाही म्हणाली. "मामा, मला सोलापूरला न्हे. आत्ता." मी आक्काकडं पाहिलं. तिनं आत जाऊन बाळाच्या दुपट्यांचं गाठोडं बांधलं, ओव्याची पुडी त्यात खुपसली आणि मी सांगोल्याहून मागवलेली जीप आल्यावर तिच्यात ठेवलं.

"तूही चल," मी म्हणालो.

"मेंढरं कुनी बघायची? म्हाताऱ्याला भाकर कोन घालील?" तिनं हाताची राख लुगड्याला पुसली. "तू जा. बाळाला वारं लावू नगंस."

जीप वळली तेव्हा मी मागं पाहिलं. काळ्या माळातून अजून जागोजागी धूर निघत होता. आबा नि दाजी पोती ओली करत बसले होते. आक्का खोलीची खिडकी आतून लावत होती. तिच्या भिंतीपलीकडं गवत हलत होतं, आणि वारा आता माळाकडून घरांकडं यायला लागला होता.