व्याह्यांची शिंक

सोलापुरात आजवर जेवढी माणसं कुठंतरी उशिरा पोचली असतील, त्यातली निम्मी माझ्या व्याह्यांमुळं उशिरा पोचली, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. कारण व्याही शिंकतात. शिंकतो मीपण, पण माझी शिंक येती नि जाती. त्यांची येते ती लेकराबाळांसकट मुक्कामाला येते. आधी मान वर जाते, डोळे मिटतात, तोंडावर कीर्तन ऐकल्यासारखं सुख पसरतं, "थांबा" म्हणून एक हात वर होतो, आणि मग सुरू. निघताना शिंक झाली की आमच्याकडं माणूस पुन्हा खाली बसतो, घोटभर पाणी पितो, मगच उंबरा ओलांडतो. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या जिन्यात वरचे-खालचे लोक आधी कानोसा घ्यायचे, मगच गाडीला किक मारायचे.

माझ्या लेकीची सुपारी फोडायला ते कुंभारीला आमच्या घरी आले, आणि नेमकी सुपारी हातात घेतल्यावर त्यांना शिंकांची लहर आली. सगळी बैठक दगड. माझा चुलता पुटपुटला, "झालं! अपशकुन." तेवढ्यात माझी बायको पदर सावरत बाहेर आली न् म्हणाली, "येक शिंक आली तर अपशकुन. पाव्हण्यांना मुठीमुठीनं येत्यात. देवानं त्यातली कंची धरायची?" माणसं हसली, सुपारी फुटली. त्या दिवसापासून हा माणूस तिचा भक्त झाला. मला व्याहीबुवा म्हणायचे ते रीत म्हणून. विहीणबाई म्हणताना मात्र आवाज आदरानं खाली यायचा.

दुसरी खोड म्हणजे कुणीही काहीही सांगावं आणि त्यांनी ते खायचं सोडावं. न्हाव्यानं सांगितलं म्हणून दही सोडलं, रिक्षावाल्यानं सांगितलं म्हणून वांगं. शेवटी कुणीतरी शेंगदाण्याचं नाव घेतलं, आणि सोलापुरात राहून या माणसानं शेंगाचटणी सोडली! ताटात कडक भाकरी घेऊन चटणीच्या वाटीकडं असे बघत बसायचे, की बघणाऱ्याच्या घशाला घास अडकावा. एवढं सोसूनही शिंका होत्याच. त्यात भर म्हणून जिना चढला की छातीत पावा वाजायला लागायचा. औषधाचा पंप घ्या म्हटलं तर म्हणायचे, "पंप लागला की माणूस संपला." बायकोनं एकदा सरळ विचारलं, "चष्मा लागला तवा डोळं संपलं का तुमचं?" दुसऱ्या दिवशी ते तपासून घ्यायला तयार झाले. बरोबर ती, मागनं मी.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, ॲलर्जीची गोळी घेतलीय का?" व्याही अदबीनं म्हणाले, "सकाळीच घेतली की. तुमच्यापुढं शिंकणं बरं दिसत नाही." पाहुण्याच्या घरी दाढी करून जावं, तसा हा माणूस शिंका बंद करून तपासून घ्यायला गेला होता! बाई हसून म्हणाल्या, "मग आज हातावर काहीच उठायचं नाही. गोळी थोडे दिवस थांबवून या."

पुन्हा गेलो. हातावर पेनानं खुणा केल्या, शेंगदाणा, धूळ अशा एकेकाच्या अर्काचा थेंब टाकला, बारीक सुई टोचली. पेरलेल्या रानाकडं बघावं तसे व्याही हाताकडं बघत बसले. खिडकीतनं ऊन येत होतं, उन्हात धूळ तरंगत होती, बायको भिंतीला टेकून पेंगत होती. ते तिघांचं बसणं अजून डोळे मिटले की दिसतं. मग धुळीतल्या किड्याच्या थेंबाखाली भज्यासारखी फुगलेली गांधी उठली. शेंगदाण्याची जागा सपाट. "विहीणबाई!" व्याही ओरडले, "शेंगदाणा निर्दोष!"

खरा चोर अंथरुणात निघाला. मीच आहेरात दिलेली घोंगडी ते तोंडावरनं ओढून झोपायचे, कधी झटकायचे नाहीत, मी दिलेला मान म्हणून. बायको म्हणाली, "मान पेटीत ठेवा, पाव्हणं. नाकावर नको." मग बाईंनी फुंकायच्या मशीनवर फुंकायला लावलं, दमा हाय म्हणून सांगितलं, रोजचा पंप दिला. काही वर्षं चालणाऱ्या इंजेक्शनांचंही सांगितलं, पण आधी पंपानं दम जागेवर येऊ दे म्हणाल्या. पंपानंतर चूळ भरायची म्हटल्यावर व्याह्यांनी त्याची पूजाच केली: पूर्वेला तोंड, पंप, चूळ, नमस्कार. हळूहळू पावा थांबला. शिंका आटल्या. जिन्यातली माणसं वेळेवर कामाला जाऊ लागली. बायकोनं डबाभर शेंगाचटणी कुटून धाडली.

मग ती गेली. लेकीकडं चार दिवस राहून सकाळी घरी यायला निघाली, व्याही दारात उभे होते, कुणी शिंकलं नाही. रिक्षातच छातीत कळ आली.

महिन्याभरानं लेकीचा फोन. "आप्पा, मामंजींनी पंप सोडलाय. छाती वाजतीया. कुणाचं ऐकत न्हाईत." मी गेलो. व्याही भिंतीकडं तोंड करून बसलेले. म्हणाले, "व्याहीबुवा, शिंक आली असती तर त्या घटकाभर बसल्या असत्या. पंपानं माझी शिंक नेली."

मला गोड बोलता येत नाही. म्हणालो, "बसली असती तर तुमच्या पाटावर गेली असती. कळ यायची ती आलीच असती. देवानं कंची शिंक धरायची, हे तिनं तुम्हाला भर बैठकीत सांगितलंवतं. तिला न्यायला देवाला तुमचं नाक लागत न्हाई." ते रडले. रडता रडता दम लागला. मी पंप उचलून हातात दिला. "हा पंप म्हंजे तिनं धरायला लावलेला हात हाय. सोडू नका." त्यांनी पूर्वेला तोंड केलं.

आता मीच अधनंमधनं त्यांच्याकडं जातो. दुपारभर दोघं बसतो. कधी मी निघालो की त्यांना एखादी शिंक येते, एकटीच, जुन्या गोतावळ्यातली राहिलेली. ते ओशाळतात. मी चप्पल काढतो, पाटावर बसतो. ते तांब्या आणतात. मला कुठंच जायची घाई नसते. मी पाणी हळूहळू पितो, आणि दारात उन्हाकडं पाठ करून बायको पण चप्पल काढतीया असं वाटतं.