विमानातलं प्रस्थान

आमच्या आत्याला प्रस्थान ठेवायची भारी हौस. गावाला जायच्या दिवशी मुहूर्त नसला, की आदल्या शुभवेळी सामानातलं एखादं गाठोडं शेजारी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला, असं देवानं धरून चालायचं. देव चालतो धरून. विमान चालत नाही, हे तिला कोण सांगणार?

निजामाच्या अमलातली गोष्ट. वडील बीडच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देत. एक डोळा तरुणपणीच गेलेला. उरलेला एकाएकी लालभडक झाला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, तातडीनं हैदराबाद गाठा, नाहीतर हाही जाईल. बैलगाडीनं जालना आणि तिथून रेल्वे, म्हणजे तातडी संपलीच. सुदैवानं एका जहागीरदाराचे जावई आपलं दोन माणसांचं विमान घेऊन बीडजवळच्या पाली गावच्या माळावर उतरले होते. लेक म्हणून मीच जाऊन त्यांचे पाय धरले.

भला माणूस. वडिलांना कापसाच्या काट्यावर बसवून तोललं, त्यांची पिशवी तोलली, पेट्रोल मोजलं, सगळा माळ स्वतः चालून पाहिला. "मैदान छोटा है, सामने बांध है. बस इत्ताच वजन. एक सुपारी भी ज्यादा नक्को," असं मला बजावलं. निघायचं सकाळच्या गार हवेत.

दुसऱ्या दिवशी नेमकी अमावास्या. आत्या कडाडली, "आमुशाला कुनी दुखनाईताला घराभाईर काढतं व्हय?" मी म्हटलं, आत्या, डोळा तिथी बघत नाही. ती गप्प बसली. आत्या गप्प बसली म्हणजे तिचं ठरलेलं असतं.

सकाळी निम्मी पाली माळावर. जावईबापूंनी चाकं पाहिली, पंख हलवून पाहिले, चिमूटभर माती उडवून वारा पाहिला. मागच्या बैठकीपाठी मात्र डोकावले नाहीत. तिथं कालच पाहिलं होतं ना! विमान धावलं. शेपूट काही उचलेना. एकदा जरासं वर गेलं, आदळलं आणि बांधावर जाऊन धडकलं. पंख मोडला, जावईबापूंचा हात मोडला. वडिलांना नुसतं खरचटलं.

आणि बैठकीमागून काय निघावं? ज्वारीचं गाठोडं, गुळाची अख्खी ढेप आणि टोपलीभर सीताफळं.

"काल सांजच्याला येळ लई चांगली व्हती," आत्या म्हणाली. "इमानाच्या राखनदाराला सांगून आत ठिवलं. डाक्टरकडं रिकाम्या हातानं कशापायी धाडायचं? आन् पर्स्थान व्हतं म्हनून तर जीव वाचला!"

मी कपाळावर हात मारून घेतला. आता या बाईशी काय भांडायचं!

शेवटी बैलगाडीच. हैदराबादला पोचलो तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली. वडिलांचे अर्ज तिथंच संपले.

पुढं आत्या रोज त्यांना हाताला धरून अंगणात फिरवायची, आणि मी आतून धुमसायची. ते तिला एका शब्दानं बोलले नाहीत याचा मला जास्त राग. आत्या वारल्यावर एकदा मी चिडून विचारलंच, "तुम्ही तिला कधीच कसं काही बोलला नाहीत?"

"काय बोलू?" वडील म्हणाले. "बसल्याबरोबर पाठीला ढेप टोचली होती. वासावरून कळलं, गूळ आहे. म्हटलं, बहिणीनं ठेवलंय, असू दे."