पाटीवर संपलेली कादंबरी

बहादरपूरच्या मालूबाईंना अक्षरओळख झाली, तेव्हा त्यांचे केस पूर्ण पिकलेले होते. सारा जन्म केळीच्या बागेत बुंध्याशी फुटणारी पिले कापण्यात आणि घड वाहण्यात गेला होता. समाजमंदिरातील प्रौढवर्गात पूर्णिमाताईंनी त्यांना शिकवले की आधी पाटीवर लिहावे, वाचून पाहावे, चुका दुरुस्त कराव्यात आणि मगच वहीत उतरवावे. ही शिस्त त्यांनी इतकी मनावर घेतली की कादंबरी लिहावयास घेतल्यावरही ती सोडली नाही. वहीत खाडाखोड झाली की सारवलेल्या अंगणात उष्टे सांडल्यासारखे त्यांना वाटे. पेन हाती आले की बोटे आखडत. पाटीवर मात्र हात मोकळा चाले.

कादंबरी तुळसा नावाच्या बाईची होती. बालाजीच्या मेळ्यात तिची धाकटी बहीण हरवते आणि तुळसा म्हातारी होईपर्यंत तिला शोधत फिरते. ही कथा ऐकणारे माणूस एकच होते, शेजारच्या भागाबाई. दोघींनी एकाच बागेत कामे केली होती. भागाबाई वर्गाला कधी आल्या नाहीत. "तुझी अक्षरं तू सांभाळ, मले गोष्ट दे," असे त्या म्हणत.

त्या भागाबाईंना दम्याने खाटेला खिळवले. त्यांचा मुलगा चेतन सुरतेला कामाला होता. त्याने घर विकले आणि आईला न्यायला आला. संध्याकाळच्या गाडीने निघायचे ठरले. त्या परत येणार नाहीत हे सगळ्यांना कळत होते, त्यांनाही.

"काय वं मालू, तुळसाले बहीण भेटते का नाही?" सकाळीच त्यांनी विचारले.

"अजून लिहिलं नाही."

"मग तोंडानं सांग."

मालूबाईंनी सांगून पाहिले. चार वाक्यांत सगळे आटोपले. भागाबाईंनी तोंड वाकडे केले. "हे तर तू बाजारातून काय आणायचं ते सांगून राहिली. लिहून वाच."

मालूबाई पाटी घेऊन खाटेच्या पायथ्याशी बसल्या. पाटी भरली, ती त्यांनी वाचून दाखवली आणि नेमाप्रमाणे वही उघडून समास आखू लागल्या. इकडे भागाबाईंचा श्वास भात्यासारखा चालला होता.

"माझा जीव जाईपर्यंत रेघाच मारशील काय वं?"

मालूबाईंचा हात थांबला. वहीत उतरवत बसले तर कथा संध्याकाळपर्यंत संपणार नव्हती. आपणच लिहिलेले आपण कसे विसरू, असा विचार त्यांनी केला, वही मिटली आणि ओल्या फडक्याने पाटी पुसली.

त्यानंतर तो दिवस जसा गेला, तसा त्यांच्या आयुष्यात दुसरा नव्हता. पाटी भरे, वाचली जाई, पुसली जाई. ज्यांचा विचारही केला नव्हता अशी माणसे आपल्या पायांनी कथेत येऊन बोलू लागली. तुळसाला फसवणारा मामा आला, तेव्हा भागाबाई उशीवरून उठू लागल्या. "त्या मेल्याले इतक्यात मारू नको, आधी चांगला रडव!" म्हणून मालूबाईंनी त्याला बराच वेळ रडवले आणि मग तापीच्या पुरात सोडून दिले. भागाबाई खोकला येईपर्यंत हसल्या. चुलीवरची भाकरी करपली, ती कोणी उतरवली नाही. मालूबाईंची बोटे पांढरी झाली होती आणि मन असे भरले होते, जसे ते लग्नात नाही, मुलांच्या जन्मात नाही, कधीच भरले नव्हते.

उन्हे कलताना तुळसाला बहीण भेटली. भागाबाई रडल्या. त्यांनी मालूबाईंचे मनगट धरले, ते सोडलेच नाही.

"चल माय, ऑटोवाला रुकत नाहीये," चेतन दारातून म्हणाला. "मावशी, बाकीचं फोनवर सांग."

"बाकी काही नाही रे," मालूबाई ताठ मानेने म्हणाल्या. "पूर्ण झाली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही उघडली. पाटीवर शेवटचा मजकूर तेवढा होता, तो त्यांनी वहीच्या शेवटच्या पानांवर सुबक उतरवला आणि मधल्या भागासाठी पाने कोरी ठेवली. मग मधले लिहावयास बसल्या. मामा बुडाला हे आठवत होते. तो कसा बोलला, भागाबाई कशाला हसल्या, ते आठवेना. पाटीवर लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. उतरले ते नुसते बाजाराच्या सामानाच्या यादीसारखे. कित्येक दिवस असेच गेले. मग त्यांनी सुरतेला फोन लावला.

"भागे, मामानं तुळसाले काय सांगितलं होतं वं?"

"मले कुठं याद आहे, मालू. लई रडू आलं, तेवढं याद आहे." मग भागाबाईंनीच विचारले, "कोणासाठी रडलो वं आपण?"

"बहिणीसाठी."

"हां," भागाबाई म्हणाल्या आणि चेतनने फोन घेतला. माय थकते, तिला जास्त बोलायला लावू नको, असे तो म्हणाला.

पुढच्या वर्गाला मालूबाई गेल्या, तेव्हा वहीतली मधली कोरी पाने त्यांनी जपून, टोक न फाटू देता काढून घेतली आणि नव्याने आलेल्या गोदाबाईंना बाराखडी गिरवण्यासाठी दिली. पूर्णिमाताईंनी कादंबरी कुठवर आली असे विचारले. मालूबाईंनी ती संपल्याचे सांगितले आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.