सटाण्याहून आलेला कडू घास

वडील वारले ते दवाखान्यातच. आई आणि मी दोघीही कोरोना पॉझिटिव्ह, घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. त्यांना परस्पर नेलं, परस्पर अग्नी दिला. आम्ही नाशिकच्या घरात भिंतीकडे तोंड करून हात जोडले. तेही मी निभावलं. पण आईच्या कडू घासानं मला अगदी जेरीस आणलं.

आमच्यात मौतीच्या घरी चूल पेटत नाही. बाईच्या माहेरची माणसं पिठलं-भाकरी आणतात, समोर बसतात आणि ती नको नको म्हणत असताना बळेच घास भरवतात. तो कडू घास. आपल्या हातानं खायचं नसतं. आता माहेर सटाण्याला, रस्ते बंद, आणि ही बाई दोन दिवस नुसत्या चहावर! वर डायबेटिसच्या गोळ्या. शुगर उतरून ती कोसळली असती तर तिला न्यायला कुठे खाट शिल्लक होती?

शेजारणीनं फाटकाला खिचडीचा डबा अडकवला. आई म्हणाली, "ती कुठं माझ्या माहेरची?" मी भरवायला गेले, तर "तूही सुतकातलीच." नातेवाईक फोनवर 'काळजी घ्या' म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. काळजी म्हणे! शेवटी मामाला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो बिचारा काकुळतीला आला, "आक्का, रस्ता बंद शे. तू खाई ले." ही ढिम्म.

तिसऱ्या दिवशी मामानं कांद्याच्या टेम्पोबरोबर डबा धाडला. टेम्पो वाटेत तासन् तास अडवून ठेवलेला. भर उन्हाळ्यात दुपारी डबा दारात आला तेव्हा पिठलं आंबून फसफसत होतं. भाकऱ्या तेवढ्या धड होत्या, वाळून कडक झालेल्या.

"भरवायला कोण आलंय?" आईनं विचारलं.

माझं डोकंच फिरलं. "कोणी येणार नाही! बाबांना खांदा द्यायला तरी कोण आलं होतं? मेलेत ते, आणि तू घासाचं काय घेऊन बसलीस!" असं ओरडत मी भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवला आणि तिच्या तोंडात कोंबला. माझं मलाच भान नव्हतं.

तिनं तो थुंकला नाही. बराच वेळ चावत राहिली, मग गिळला. आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडली, अंग गदागदा हलेपर्यंत.

"आत्तापर्यंत ते दवाखान्यात होते गं," ती म्हणाली.

मला वाटत होतं ती माहेरच्या माणसांसाठी अडून बसलीय. ना तिनं बाबांचा चेहरा पाहिला होता, ना तिरडी. ते गेले हे तिला कळायला तो घास तेवढा उरला होता, आणि ती तो लांबवत होती. मी तो तिच्या घशाखाली उतरवला, तोही ओरडून.